अठ्ठावीस दिवसांचा महिना

मोबाईल रिचार्जचा महिना २८ दिवसांचा असतो, म्हणून वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज होतात. आमच्या घरात पाच माणसं, चार फोन. रोज २ जीबीचा पॅक ३४९ रुपयांना, म्हणजे वर्षाला १८,१४८ रुपये! अब्बांनी माझ्या हातातून कॅल्क्युलेटर घेऊन हिशोब पुन्हा केला.

३० एमबीपीएसचं वायफाय ३९९ ला म्हणतात; १८ टक्के जीएसटी धरून ४७१ पडतं. (मोबाईल पॅकच्या किमतीत कर आधीच धरलेला असतो. तुलनेत फसगत होते ती इथेच.) वर्षाला साधारण ५,६५० रुपये. घरीच असणाऱ्यांच्या फोनसाठी फक्त कॉल-एसएमएसचा पॅक मागा. असे पॅक ठेवणं ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सक्तीचं केलंय. आमच्या गल्लीतला दुकानदार मात्र तो स्वतःहून दाखवत नाही.

एकटे खोलीवर राहत असाल तर मोबाईलच बरा. पण घरी राहणाऱ्या भावांनो, तुमचा डेटा तुमच्याच खिशातून बाहेर जातो, तेव्हा बारावीतली बहीण लेक्चर कशावर बघते? आमची माझ्या हॉटस्पॉटची वाट बघत रात्री अकराला अभ्यासाला बसायची. पाचवं माणूस तीच. वायफाय तिच्यासाठी घेतलं. पैसे वाचतात हे नंतर कळलं.