स्टेअरिंग सोडा, ड्रायव्हर घ्या

आमच्या कर्जतच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मध्यंतरी एक एक्सेल शीट येऊन पडली. ग्रुपातले तिघे दिवाळीच्या सुट्टीत मादागास्करला निघालेत. 18 दिवस, भाड्याची फोर-बाय-फोर, आणि गाडी आपणच चालवायची. रोजचे किलोमीटर, मुक्काम, डिझेलचा खर्च, ड्रोन कुठं उडवायचा, सगळं रकान्यांत मांडलेलं. शेवटची ओळ : 'ड्रायव्हर नको. आपला प्रवास आपण करायचा.' तिच्याखाली अंगठ्यांची रांग. मी एकट्यानं 'ड्रायव्हर घ्याच' असं लिहिलं, तर उत्तर आलं, 'तू म्हातारा झालास.' ग्रुपवर लांबड लावता येत नाही, म्हणून इथं लावतोय.

पोरं एवढ्या लांब निघालीत याचा मला आनंदच आहे. माझं भांडण फक्त त्या शेवटच्या ओळीशी आहे.

सेल्फ-ड्राइव्हचा मोह का होतो ते कळतं. आरटीओत अर्ज केला, हजार रुपये भरले की एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हातात येतो. पण तो परवाना सांगतो एवढंच, की तुम्हाला गाडी चालवता येते. समोरचा रस्ता तुम्हाला समजतो, असं त्यात कुठंच लिहिलेलं नसतं.

हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. मुंबईच्या माणसाला 'कर्जत' म्हणून सांगा, तो विचारतो, फार्महाउस कुठलं? त्याच्या डोक्यात रायगडचं कर्जत असतं. आपण त्याला रेहेकुरी, राशीन, सिद्धटेक अशा खुणा देत बसतो. तो कसाबसा रेहेकुरीला पोचतो. अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. एक चक्कर मारून म्हणतो, काळवीट दिसलंच नाही. कळप त्या वेळी बाहेर कुणाच्या तरी ज्वारीत उभा असतो, आणि तो कुठल्या शिवारात आहे हे गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही.

आता शीटमधला सातवा दिवस बघा. मोरोंडावा ते बेकोपाका, सुमारे 200 किलोमीटर. पुढं चुनखडीच्या सुळक्यांचं ते प्रसिद्ध त्सिंगीचं जंगल. शीटमध्ये लिहिलंय, 'दुपारी पोचू, संध्याकाळी ड्रोन.' हा मातीचा रस्ता म्हणजे अख्ख्या दिवसाचं काम. वाटेत त्सिरिबिहिना आणि मानांबोलो अशा दोन नद्या. तिथं गाड्या वर्षानुवर्षं तराफ्यावर चढवून पार नेतात. तराफा भरला की निघतो, आणि तुमच्या रकान्यातली वेळ त्याला माहीत नसते. सिद्धटेकला पूल नव्हता तेव्हा दौंडच्या बाजूनं येणारे भाविक शिरापूरहून नावेनं भीमा ओलांडायचे. नावाडी म्हणेल तेव्हा निघायचं, हे घरातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा.

त्यात तुम्ही निवडलाय नोव्हेंबर. तिकडं साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पावसाळा, आणि चक्रीवादळं मुख्यतः जानेवारी ते मार्चमध्ये. पावसात त्सिंगीची वाट बंद होते. पहिला पाऊस कुठं पडला, कुठला उतार चिखलानं भरला, कुठून वळसा घ्यायचा, हे त्या रस्त्यावर रोज चालणाऱ्यालाच ठाऊक. त्याला विचारायचं तर मालागासी किंवा फ्रेंच यायला हवं. तुमच्या तिघांत मिळून 'बाँजूर' एवढंच येतं.

अंधाराचं तर बोलूच नका. गळिताच्या हंगामात मिरजगावजवळ नगर–सोलापूर रस्त्यावर रात्री गाडी चालवून बघा. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, वळणावर मेंढरं. आपण वाचतो, कारण कुठं काय उभं असेल याचा आपल्याला वास येतो. मादागास्करमध्ये हा वास तुम्हाला येणार नाही, वर तिथं गाड्या उजव्या बाजूनं चालतात. काही पट्ट्यांत गुरं पळवणाऱ्या सशस्त्र टोळ्या आहेत. 'दहालो' म्हणतात त्यांना. तिथं रात्री वाहनं ताफ्यानं जातात. कुठल्या पट्ट्यात थांबायचं, कुणाच्या मागं लागायचं, हे शीटमध्ये कुठल्या रकान्यात आहे?

इथवर मी तुमच्या जिवाचं बोललो. माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे.

गावातून जाताना तुमच्या गाडीखाली एखाद्याचा झेबू आला तर? तिथं झेबू म्हणजे वशिंडाचा बैल. शेतात तो, लग्नाच्या देण्याघेण्यात तो, मयताच्या विधीतही तोच. ज्यांच्या दारात पोळ्याला बैल सजतात, त्यांना त्याचं मोल सांगायला नको. आणि बैलाच्या जागी पोर आलं तर? तुमच्याकडं विमा असेल, वकिलाती असेल, परतीचं तिकीट असेल. त्या घराकडं यातलं काय असेल? बाहेरच्या गाड्या आपल्या गावातून शंभरच्या वेगानं जातात तेव्हा आपण रस्त्याकडेला उभे राहून शिव्या देतो. 18 दिवस आपण त्याच गाडीत बसणार आहोत, एवढं तरी ध्यानात ठेवा.

यावर उत्तर येईल, 'मग मोकळेपणा कुठं राहिला?' दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे : ड्रायव्हर ठेवून मागं साहेबासारखं बसायचं, हे जुन्या गोऱ्या लोकांसारखं नाही का? बरोबर आहे. मग साहेबासारखं बसू नका. पुढं त्याच्या शेजारी बसा. दिवसाचे तास आधी ठरवा. त्याचं जेवण आणि झोपायची जागा तुमच्या खर्चात धरा आणि तो 'आज नको' म्हणाला तर ऐका. आपल्या तालुक्यातली किती पोरं गाडीवर जातात, अष्टविनायकाच्या फेऱ्या मारतात. गिऱ्हाईक हॉटेलात झोपतं आणि ती सीट मागं टाकून. आपल्याला काय खुपतं ते आपल्याला माहीत आहे. तेवढं तिथं करू नका, झालं.

सगळीकडं ड्रायव्हर घ्याच असंही मी म्हणत नाही. नामिबियात गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, खडीचे रस्ते राखलेले असतात, सेल्फ-ड्राइव्ह तिथं रुळलेलं आहे. तिथं खुशाल चालवा. मादागास्करमध्ये मात्र अनेक कंपन्या चालकासकटच गाडी देतात. गाडी वाचावी हा त्यांचा हेतू असेलही. पण त्या पगारावर तिथलं एक घर चालतं. 'आपला प्रवास आपण' या एका ओळीनं तुम्ही पर्यटनातला तेवढा पैसाही त्याच्या हातातून काढून घेता, आणि वर त्याच्या देशाला 'अनएक्सप्लोर्ड' म्हणता. तो रोज त्याच रस्त्यानं जातो, बाबांनो.

तर शीट दुरुस्त करा. सुट्टी हलवता येत असेल तर मे ते ऑक्टोबरमध्ये जा. महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट देश आहे तो, 18 दिवसांत सगळा होत नाही. एक बाजू धरा. रोजचे किलोमीटर निम्मे करा. दोन दिवस कोरे ठेवा, तराफ्यासाठी आणि चिखलासाठी. ड्रोनचे पैसे ड्रायव्हरच्या रकान्यात टाका.

आणि ती शेवटची ओळ पुसा. तिथं त्याचं नाव येईल, तुम्हाला ते कळलं की.