अकरा वर्षांची मुलगी, पंधरा गाणी आणि एक काळा-पांढरा शिक्का

१/ गाणी ऐकण्याचे कोणतेही अ‍ॅप उघडा. काही गाण्यांच्या नावाशेजारी ‘ई’ या इंग्रजी अक्षराचा इवलासा चौकोन दिसतो. ‘एक्स्प्लिसिट’ या शब्दाचे ते आद्याक्षर. गाण्यात शिवीगाळ, उघड लैंगिक वर्णन किंवा हिंसा आहे, असा त्याचा इशारा. या चौकोनाचे मूळ १९८५ च्या अमेरिकेत आहे. आजचा थ्रेड त्या कथेचा, आणि त्याबरोबर एका तक्रारीचाही. मुलांच्या हिताचा एक साधा उपाय त्या वादात दोन्ही पक्षांच्या हाती आला होता. तो हातचा सुटला आणि शिक्का तेवढा उरला.

२/ १९८४ मध्ये प्रिन्स या गायकाचा ‘पर्पल रेन’ हा अल्बम अमेरिकेत अफाट गाजत होता. अल गोर (पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले) यांच्या पत्नी टिपर गोर यांनी तो आपल्या अकरा वर्षांच्या मुलीसाठी विकत आणला. घरी ‘डार्लिंग निकी’ हे गाणे सुरू झाले आणि आईला धक्का बसला. त्या गाण्यात हस्तमैथुनाचा उघड उल्लेख आहे.

३/ टिपर गोर यांची टिंगल करण्याची पुढे प्रथाच पडली. मला ती पटत नाही. रेडिओवर ऐकू येणारी गाणी निराळी होती आणि वेष्टनावर कसलीही सूचना नव्हती. अकरा वर्षांच्या मुलीने हे ऐकावे का, एवढाच प्रश्न त्या आईला पडला होता. तो प्रश्न प्रामाणिक होता. बिघाड झाला तो पुढच्या पायरीवर.

४/ १९८५ मध्ये टिपर गोर, अर्थमंत्री जेम्स बेकर यांच्या पत्नी सुझन बेकर आणि राजधानीतील आणखी काही वजनदार स्त्रियांनी ‘पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर’ ही संस्था काढली. वृत्तपत्रांनी त्यांना ‘वॉशिंग्टनच्या बायका’ असे काहीसे कुत्सित नाव दिले. चित्रपटांप्रमाणे अल्बमांचीही वर्गवारी व्हावी, अशी त्यांची मागणी होती. गाण्याचे बोल वेष्टनावर छापावेत, अशीही होती. ही दुसरी मागणी ध्यानात ठेवा.

५/ संस्थेने पंधरा गाण्यांची एक यादी केली. तिला लोकांनी ‘फिल्दी फिफ्टीन’, म्हणजे ‘गलिच्छ पंधरा’, असे म्हटले. प्रिन्स, मॅडोना, सिंडी लॉपर, एसी/डीसी, ब्लॅक सॅबथ असे सगळे त्यात एका पंगतीला बसले होते. प्रत्येक गाण्यापुढे कारण होते: लैंगिकता, हिंसा, नशा, जादूटोणा. यातील काही गाणी लहान मुलांसाठी नव्हती, यात शंका नाही. परंतु काहींचा समावेश पाहिला की यादी करणाऱ्यांनी बोल वाचले तरी होते का, असा प्रश्न पडतो.

६/ ‘ट्विस्टेड सिस्टर’ या बँडचे ‘वी आर नॉट गॉना टेक इट’ हे गाणे घ्या. यादीत ते हिंसेसाठी होते. वास्तविक त्याच्या बोलांत हिंसा नाही. आम्ही हे मुकाट्याने सोसणार नाही, एवढेच ते म्हणते. मारहाण होती ती त्याच्या व्हिडिओत, आणि तीही कार्टूनच्या धाटणीची. पाहिलेले आणि ऐकलेले यांची अशी सरमिसळ झाली.

७/ १९ सप्टेंबर १९८५. सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे सुनावणी. अध्यक्ष जॉन डॅनफर्थ यांनी सांगून टाकले की कायदा करण्यासाठी आपण जमलेलो नाही. मग जमलो कशासाठी, हा प्रश्न रास्तच होता. समितीच्या सदस्यांत स्वतः अल गोर होते. म्हणजे तक्रारदार पत्नी आणि ऐकून घेणाऱ्यांत पती. ही बाब आज नवलाची वाटते.

८/ संगीतकारांच्या बाजूने तिघे आले. फ्रँक झॅपा, जॉन डेन्व्हर आणि ‘ट्विस्टेड सिस्टर’चा गायक डी स्नायडर. डेन्व्हर हा त्या काळचा सर्वांत सोज्ज्वळ गायक. तो सेन्सॉरशिपला पाठिंबा देईल, असे अनेकांना वाटले होते. त्याने उलटेच केले. ‘रॉकी माउंटन हाय’ या त्याच्या गाण्यात डोंगरमाथ्यावरच्या आनंदाचे वर्णन आहे. तरीही शीर्षकातील ‘हाय’ म्हणजे नशाच, असे ठरवून काही रेडिओ केंद्रांनी ते गाणे बंद केले होते. हा अनुभव त्याने समितीपुढे ठेवला.

९/ स्नायडर आला तो लांब सोनेरी केस आणि डेनिमच्या वेषात. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने निवेदन वाचले. तो दारू पीत नव्हता, सिगारेट ओढत नव्हता, तीन वर्षांच्या मुलाचा बाप होता. त्याच्या ‘अंडर द ब्लेड’ या गाण्यात बलात्कार आणि छळाचे वर्णन असल्याचा आरोप टिपर गोर यांनी केला होता. ते गाणे बँडमधील गिटारवादकाच्या घशाच्या शस्त्रक्रियेवर आणि त्या वेळच्या भीतीवर लिहिले होते. ब्लेड म्हणजे शल्यचिकित्सकाचे पाते!

१०/ येथे क्षणभर थांबतो. पालकांनी काय करावे, हे ज्यांना ठरवून द्यायचे होते, त्यांनीच एका गाण्याचा अर्थ असा उलटा लावला. अशा वाचनावर आधारलेला शिक्का कितपत विश्वासार्ह ठरेल?

११/ झॅपा सर्वांत तिखट बोलला. रेकॉर्ड कंपन्यांना त्या वेळी कोऱ्या कॅसेटवर कर हवा होता आणि तो काँग्रेसच्या हाती होता. म्हणून कंपन्या या मोहिमेपुढे वाकत आहेत, असा त्याचा आरोप होता. तो गाजला. त्याने मान्य केलेली एक गोष्ट मात्र विसरली गेली: पालकांना जाणून घ्यायचेच असेल तर गाण्याचे बोल छापून त्यांच्या हाती द्यावेत.

१२/ म्हणजे पाहा. वर्गवारी मागणारी संस्था आणि तिचा सर्वांत कडवा विरोधक, दोघांनाही छापील बोल चालत होते. पालकाने वाचावे आणि आपल्या मुलाचे वय पाहून ठरवावे. सात वर्षांच्या मुलाला नको ते पंधरा वर्षांच्या मुलीला कदाचित चालेल. हा निर्णय घरातच होऊ शकतो.

१३/ १ नोव्हेंबर १९८५ रोजी समझोता झाला. कंपन्यांनी एक तर इशारा छापावा किंवा बोल छापावेत. पर्याय दोन होते, निवड कंपन्यांची होती. बोल छापायला जागा लागते, परवानगी लागते, खर्च येतो; शिक्क्याला काहीच लागत नाही. पुढे काय झाले, ते सांगायला नकोच. १९९० मध्ये काळा-पांढरा ‘पेरेंटल अ‍ॅडव्हायझरी’ शिक्का सर्वत्र एकसारखा झाला.

१४/ शिक्का ‘काहीतरी आहे’ एवढेच सांगतो. एक शिवी असली तरी तोच, स्त्रीवरील अत्याचाराचे चवीने केलेले वर्णन असले तरी तोच. पालकाला या दोहोंतील फरकच तर हवा असतो. आणि जो शिक्का पालकांसाठी होता, तो वाचला दुकानदारांनी. वॉलमार्टसारख्या साखळीने असे अल्बम ठेवणेच नाकारले. मग कंपन्या शब्द गाळलेल्या निराळ्या आवृत्त्या काढू लागल्या. त्या विकत घेणारा प्रौढ माणूसही मुलांच्याच पंक्तीला बसला.

१५/ त्याहून गंभीर प्रकार फ्लोरिडात घडला. ‘टू लाइव्ह क्रू’ या कृष्णवर्णीय रॅप गटाचा १९८९ चा अल्बम जून १९९० मध्ये तेथील फेडरल न्यायाधीशाने अश्लील ठरवला. त्याच अल्बमची सोज्ज्वळ आवृत्तीही बाजारात होती, तरी मूळ अल्बम विकणाऱ्या दुकानदाराला अटक झाली. प्रौढांसाठीच्या कार्यक्रमात ही गाणी गायल्याबद्दल गटातील गायकांनाही अटक झाली. ऑक्टोबरमध्ये ज्यूरीने गायकांना निर्दोष सोडले. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने मूळ निकालही फिरवला. या खटल्यात मुले कुठे होती? कुठेच नव्हती.

१६/ त्या गाण्यांचा मी चाहता नाही. स्त्रियांविषयीची त्यांची भाषा ओंगळ आहे आणि ती दहा वर्षांच्या मुलाच्या कानी पडू नये, असे मला ठामपणे वाटते. पण ‘मुलांना नको’ या वाक्याचे पाच वर्षांत ‘कोणालाच नको’ झाले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवलेच पाहिजे.

१७/ आपल्याकडेही एक धडा आहे, निराळ्या जातीचा. १९५२ मध्ये पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते, असे त्यांचे मत. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? रेडिओचा काटा रेडिओ सिलोनवर फिरवला. अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाले’ने घरे जिंकली आणि १९५७ मध्ये सरकारलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

१८/ आता आजचे. १९८५ मध्ये महाग पडणारा तो उपाय आज जवळपास फुकट मिळतो. अनेक अ‍ॅपवर गाणे वाजता वाजता त्याचे बोल पडद्यावर सरकतात. झॅपाने मान्य केलेली आणि टिपर गोर यांनी मागितलेली सोय आपल्या खिशात आली आहे. तरी आपण चर्चा करतो ती बंदी घाला आणि बंदी उठवा एवढीच. हळदीच्या रात्री किंवा मिरवणुकीच्या डीजेवर सहा वर्षांची मुले ज्या ओळींवर नाचतात, त्या ओळी त्यांच्या आईवडिलांनी एकदा तरी वाचलेल्या असतात का?

१९/ तुमच्यापैकी अनेकांच्या घरी धाकटी भावंडे असतील. त्यांच्या यादीतील पहिली पाच गाणी आज रात्री वाचा. ऐकू नका, वाचा. शिक्का नसलेली आधी. मग त्यांच्याशी बोला, आणि काय आढळले ते येथे उत्तरांत लिहा.