दीर्घ आजार आणि मनाची विचारपूस

मागील अंकातील वारसनोंदणीवरील लेखानंतर आलेल्या पत्रांत परळच्या एका भगिनींचे पत्र वेगळे होते. पतींना १७ वर्षांचा मधुमेह, दोन्ही मूत्रपिंडे निकामी, दीड वर्षापासून आठवड्यातून ३ वेळा डायलिसिस. वारसांची नोंद झाली, लॉकर संयुक्त नावावर आहे, असे कळवून त्या लिहितात, ‘कागदोपत्री सारे व्यवस्थित आहे, परंतु माणूस बोलेनासा झाला आहे. त्याची तजवीज कशी करावी?’

प्रश्न माझ्या अधिकाराबाहेरचा आहे. तरीही हिशेब हा जन्मभराचा व्यवसाय असल्याने प्रथम तोच मांडतो. एका बैठकीस साधारण ४ तास, म्हणजे वर्षाच्या १५६ बैठकांचे ६२४ तास केवळ खुर्चीवर किंवा खाटेवर. जाणे-येणे, रांग आणि घरी परतल्यावरचा थकवा वेगळा. प्रत्येक वेळी सुई, आधी आणि नंतर वजन. मधल्या दिवसांत पाणीसुद्धा मोजून. जुलैत हिंदमाताला पाणी साचो की गणेशोत्सवात लालबागचा रस्ता गर्दीने भरो, ही हजेरी चुकवता येत नाही. कर्जाचा हप्ता थकला तर बँक मुदत देते, येथे ती सोय नाही. शिवाय या कर्जाची अखेरची तारीख कोणी सांगत नाही. शस्त्रक्रियेचे दुःख मोठे असले तरी त्याला शेवट दिसतो. दीर्घ आजारात मन खचते ते बहुधा हा शेवट न दिसल्यामुळे.

दुसरी हानी घरातल्या घरात होते. गिरगावातल्या आमच्या जुन्या चाळीत एक गृहस्थ होते. साऱ्या मजल्याची प्राप्तिकराची विवरणपत्रे, रेशनकार्डाचे अर्ज, मुलांच्या प्रवेशाची धावपळ त्यांच्याकडे असे. पक्षाघातानंतर तिसऱ्या मजल्यावरून उतरणे बंद झाले. घरच्यांनी सेवेत काही कमी केले नाही. परंतु ‘बाबा, तुम्ही बसा, आम्ही पाहतो’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानी पडू लागले. नातीच्या लग्नाची बोलणी आतल्या खोलीत, हलक्या आवाजात झाली, त्यांना त्रास नको म्हणून. औषध वेळेवर मिळत होते, पण त्यांच्याकडून कोणाला काही नको होते. भेटीस येणारा प्रत्येक जण रक्तदाब विचारी. पुढे पुढे ते विचारण्यापूर्वीच आकडा सांगून डोळे मिटून घेत.

असे मौन पाहून ‘स्वभाव हट्टी झाला’ असे आपण म्हणतो. वैद्यकशास्त्र तसे म्हणत नाही. मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत मधुमेहींमध्ये नैराश्याचे प्रमाण साधारण दुप्पट आढळते. रोजच्या पथ्याचा, सुईचा आणि आकड्यांचा जो कंटाळा साचतो, तो तज्ज्ञ नैराश्याहून वेगळा मानतात. औषधांचे वेळापत्रक सोपे केल्याने, कोणी मोकळेपणाने ऐकून घेतल्याने तो हलका होऊ शकतो. कधी कारण औषधातच असते. स्टेरॉइडने झोप व मनःस्थिती बिघडू शकते. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर दिले जाणारे सायक्लोसेरीन काही रुग्णांच्या मनावर गंभीर परिणाम करते. थायरॉइडची कमतरता तर साध्या रक्ततपासणीत सापडते. स्वभावाला दोष देण्यापूर्वी एवढे पाहावयास हवे. कारण खचलेला रुग्ण औषधे चुकवतो, पथ्य सोडतो, आणि साखर वाढली म्हणून घरात पुन्हा बोलणी खातो.

आपल्या समाजात यावर आणखी एक थर चढतो. भेटीस आलेली मंडळी सद्भावनेने सांगतात, ‘असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, समतेने सोसा, आर्तध्यान करू नका.’ तत्त्वार्थसूत्रात वेदनेचे सतत चिंतन हा आर्तध्यानाचा एक प्रकार सांगितला आहे, हे खरे. परंतु ते साधकाने स्वतःकडे पाहण्यासाठी आहे. इतरांनी खाटेवरच्या माणसाच्या हातात ठेवायची गुणपत्रिका ती नव्हे. रडू येणे हेही पाप ठरले, तर तो कोणाला काही सांगेनासा होतो. पर्युषणात हे विशेष बोचते. ज्याने वर्षानुवर्षे उपवास केले, त्याला इन्सुलिनमुळे डॉक्टर उपवास मना करतात; सूर्यास्तापूर्वीचे भोजन डायलिसिसच्या वेळेत अडकते. तपस्व्यांचा सत्कार होताना हा मागच्या रांगेत बसतो किंवा येतच नाही. बाह्य तपाचे प्रकार ६ आहेत, अनशन त्यांतील एक. रसपरित्यागही त्यांतच आहे. साखर आणि मीठ सोडलेल्या माणसाला याची आठवण कोणी करून देत नाही. तो त्याग इच्छेने कुठे केला, असा आक्षेप कोणी घेईल. घ्यावा, पण रोज सकाळी तो पाळायचा की नाही, हे त्यालाच ठरवावे लागते.

मनाच्या डॉक्टरांकडे जाणे म्हणजे वेड लागणे, ही समजूत अजून गेलेली नाही. याच परळमध्ये, १९२६ साली सुरू झालेल्या के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. एन. एस. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलींच्या संकल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती मनोकायिक विकारांच्या रुग्णांसाठी वापरून पाहिली आणि १९७३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या गटातील डॉ. दिलीप जेस्ते पुढे अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. शरीर आणि मन एकाच केसपेपरवर पाहण्याची परंपरा आपल्या दारातली आहे, ती परकी मानण्याचे कारण नाही.

तेव्हा भगिनींना माझे सांगणे असे. मूत्रपिंडतज्ज्ञांच्या पुढील भेटीत रक्ताच्या अहवालाबरोबर दोन गोष्टी आपणहून सांगाव्यात : गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास होते का, आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला का. प्राथमिक तपासणीसाठी डॉक्टरही साधारण हेच दोन प्रश्न विचारतात. उत्तर होय असेल तर मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी मागावी. मूत्रपिंडाच्या रुग्णास प्रत्येक औषधाची मात्रा जपून द्यावी लागते, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवावेत. घरातले एखादे खरे काम त्यांच्याकडे परत द्यावे, मग ते वीजबिलांचा हिशेब ठेवण्याचे का असेना. वेळ लागला तरी मध्येच काढून घेऊ नये. ‘जगून काय करायचे’ असे शब्द तोंडी आले, तर ते वैतागाचे म्हणून सोडू नयेत, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. सरकारची टेलीमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, अहोरात्र आणि मराठीतही मिळते. तो क्रमांक भगिनींनी स्वतःसाठीही लिहून ठेवावा. त्या १५६ फेऱ्या त्यांच्याही आहेत, आणि दोन पानी पत्रात स्वतःविषयी त्यांनी एक ओळ लिहिलेली नाही.

विम्याविषयी, कारण तो थोडा माझा प्रांत आहे : मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, २९ मे २०१८ पासून लागू. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विमा कंपन्यांनी तरतूद करावी, असे त्याचे कलम २१(४) सांगते. मात्र पुष्कळ पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्याखेरीज खर्च देत नाहीत. बाह्यरुग्ण विभागातील सल्ल्याचे शुल्क त्यात येते का, हे नूतनीकरणाचा धनादेश देण्यापूर्वी कंपनीकडून लेखी मागून घ्यावे.