जुना टेम्पो घेताना : आधी कागद, मग किंमत

कापडाच्या धंद्यात माल वेळेवर पोहोचला तरच नफा. भिवंडीतून ग्रे कापडाचे तागे उचलायचे, दुर्गाडीच्या पुलावरून कल्याणात आणायचे, पुढे उल्हासनगर-डोंबिवलीच्या गिऱ्हाइकांना द्यायचे. यात भाड्याच्या टेम्पोला महिन्याकाठी किती पैसे जातात ते ज्याचे त्याला ठाऊक. म्हणून आमचे अनेक व्यापारी आणि कारागीर बांधव जुनी पिकअप शोधत असतात. नवी गाडी म्हणजे बहुतेकांना हप्ते आणि व्याज. जुनी गाडी रोखीने घेता येते. विचार योग्यच आहे. परंतु स्वस्त गाडी आणि चांगला सौदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो.

आमचा तजुर्बा असा. काही वर्षांपूर्वी आम्ही आमचा जुना टेम्पो विकला. दलालाने फॉर्म पुढे केले. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले; मराठी वाचतो, पण आरटीओचे इंग्रजी फॉर्म वाचून घेण्याचा कंटाळा केला. कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, पैसे मोजून घेतले आणि चावी दिली. घेणाऱ्याने गाडी नावावर केलीच नाही, तिसऱ्याला विकून टाकली. पुढे त्या गाडीने एका माणसाला धडक दिली आणि अपघात दाव्याची नोटीस आली ती आमच्या दुकानावर! विम्याची मुदत केव्हाच संपली होती. वकिलाची फी, कोर्टाच्या तारखा आणि शेवटी तडजोडीची रक्कम, सर्व मिळून टेम्पोच्या किमतीपेक्षा जास्त पैसा गेला.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तो मालक. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितले. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, तरी भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या पहिल्या मालकावरच आली. मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आहेत. हे काम दलालाच्या भरवशावर सोडू नये.

घेणाऱ्याचाही धोका कमी नाही. गाडी दुसऱ्याच्या नावावर राहिली आणि तो माणूस गाव सोडून गेला किंवा त्याचा इंतकाल झाला, तर सहीसाठी कोणाच्या दारात जाणार? म्हणून बयाणा देण्यापूर्वी गाडीचा नंबर घेऊन परिवहनच्या पोर्टलवर माहिती पाहावी. दुकानातला मुलगाही मोबाईलवर ते काम करील. मालकाचे नाव, पासिंगची तारीख, विमा, टॅक्स, थकलेली चलने आणि फायनान्सचा बोजा, सारे तपासावे. बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. गुजरात पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण तिला तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा टॅक्स वेगळा भरावा लागतो. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.

आता किमतीचे पाहू. मालवाहू गाडीला ८ वर्षे झाली की पासिंग दरवर्षी करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही लागतो. १५ वर्षांवरील गाडीच्या पासिंगची फी तर एप्रिल २०२२ पासून अनेक पटींनी वाढली. गाडीचे एकूण वजन मालासह ३००० किलोपेक्षा जास्त असेल तर परमिट लागते. आरसीवर हा आकडा लिहिलेला असतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली असताना जुनीचा मालक आधीचाच भाव सांगत असेल तर त्याला हे जरूर ऐकवावे.

समजा एक गाडी ४ लाखांची आहे आणि दुसरी ४ लाख ४० हजारांची. पहिलीचे टायर घासलेले, पाटे बसलेले आणि पासिंग संपत आलेले. या कामांत ६० हजार गेले तर महाग कोणती पडली?

गाडी पाहायला आपला मिस्त्री न्यावा आणि त्याची मजुरी आपणच द्यावी. विकणाऱ्याचा मिस्त्री विकणाऱ्याचीच बाजू घेईल. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. निळा धूर निघाला तर ऑइल जळते आहे. चासीवर नवीन वेल्डिंग दिसली तर गाडीने ओव्हरलोड ओढला असेल किंवा अपघात झाला असेल. आपल्या भागात पुराचीही चौकशी हवी. २६ जुलै २००५ आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी कसे चढले ते आपण विसरलेलो नाही. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, रंगवून बाजारात येते. सीटखालचा गंज, मॅटखालचा गाळ आणि वायरिंगचे हिरवे पडलेले जोड ही तिची खूण.

येथे आम्हाला हदीसमधला तो प्रसंग आठवतो. धान्याच्या ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले निघाले. ओले धान्य वरच का ठेवले नाहीस, असे पैगंबरांनी (स.) त्या व्यापाऱ्याला विचारले. बुडालेली गाडी रंगवून विकणे हे त्याहून वेगळे नाही. हा सवाल आपण दलालाला विचारतो, पण आपली गाडी विकताना स्वतःला विचारतो काय?

बांधवांनो, आमचे म्हणणे एवढेच. घेताना ऐब शोधा आणि विकताना ऐब सांगा. दोन-चार हजार कमी मिळतील, पण रात्री झोप लागेल. गाडी घेणारा असो वा विकणारा, दोघांनी एक दिवस दुकान बंद ठेवून ठाण्याच्या किंवा कल्याणच्या आरटीओत जावे आणि नाव बदलण्याचा अर्ज स्वतः दाखल करावा. त्याची पावती हाती येईपर्यंत चावी देऊ नये आणि पूर्ण पैसेही देऊ नयेत. एका दिवसाचा गल्ला बुडेल, परंतु आमची कोर्टात जितके दिवस फेरी झाली त्याच्या हिशेबात तो काहीच नाही.