न्यायमूर्ती कोण होणार, हा आपलाही प्रश्न आहे

मोहोपाड्याच्या आयाबहिणींनो, रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्यांनो, खालापूर-कर्जतच्या वाड्यांतून वीटभट्टीवर जाणाऱ्यांनो, आणि त्यांच्या घरातल्या पुरुषांनो! मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून कोण बसते, याच्याशी आपला काय संबंध, असे म्हणू नका. संबंध थेट आपल्या लेकीबाळींच्या शरीराशी आहे.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही गटांतील स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल, तरच वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकते. जिवाला तातडीचा धोका नसलेल्या बाकी स्त्रीला, मग ती अत्याचाराला बळी पडलेली अल्पवयीन मुलगी का असेना, उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागते. तिथे दोन न्यायमूर्ती तिचे पुढचे आयुष्य ठरवतात.

ते न्यायमूर्ती कोण, यावर किती अवलंबून असते पाहा. २००८ मध्ये गर्भाच्या हृदयात दोष आढळला म्हणून निकेता मेहता मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. त्यांना नकार मिळाला. २०१६ मध्ये त्याच न्यायालयात, भायखळा तुरुंगातील स्त्रीकैद्यांच्या प्रश्नावर, न्यायमूर्ती विजया ताहिलरमाणी आणि मृदुला भाटकर यांनी स्त्रीच्या शरीरावर स्त्रीचाच अधिकार असल्याचे ठामपणे सांगितले. दोन्ही वेळी कायदा १९७१ चाच होता! जानेवारी २०२३ मध्ये एका गर्भवतीच्या प्रकरणात वैद्यकीय मंडळाचे मत विरोधात असतानाही न्यायमूर्ती गौतम पटेल आणि एस. जी. डिगे यांनी निवडीचा हक्क त्या मातेचा आहे, मंडळाचा नव्हे, असा निर्वाळा दिला. कायद्याची अक्षरे छापील असतात. त्यांत जीव ओततो तो वाचणारा.

अमेरिकेने हे फार पूर्वी ओळखले. तिथे संघीय न्यायाधीशाची निवड सिनेटपुढे उघड सुनावणीने होते आणि गर्भपाताचा प्रश्न तिथे हटकून निघतो. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांना सिनेटने नाकारले, त्यात हा वादही होता. पुढे एका अध्यक्षाने गर्भपातविरोधी न्यायाधीश नेमण्याचे आश्वासन निवडणुकीत दिले, सर्वोच्च न्यायालयावर तिघांना नेमले, आणि २०२२ मध्ये गर्भपाताचा जवळजवळ ५० वर्षांचा हक्क गेला. न्यायासन पक्षाच्या दावणीला बांधले, की हे होते. तो मार्ग आपल्याला नको.

पण आपल्याकडे काय आहे? न्यायमूर्तींची नावे कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींचेच मंडळ, सुचवते. त्याला पर्याय म्हणून आणलेला न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केला. निवड पुन्हा बंद दाराआड गेली. २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाच्या अतिरिक्त न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांनी बारा वर्षांच्या मुलीच्या विनयभंगाच्या प्रकरणात त्वचेचा त्वचेला स्पर्श नाही म्हणून पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचे लैंगिक हल्ल्याचे कलम लागू होत नाही, असा निकाल दिला. देशभर संताप उसळला, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्यांना कायम करण्याची शिफारसही मागे घेतली गेली. म्हणजे लेकींबद्दलची न्यायमूर्तींची दृष्टी नेमणुकीवर परिणाम करते. फक्त ती तपासली जाते निकालानंतर, आपल्या लेकराला चटका बसल्यावर!

म्हणून उठा, आणि मागणी करा. न्यायमूर्तींकडून अमुक निकालाचे वचन नको. पण स्त्रीच्या सन्मानाविषयी त्यांचे आजवरचे काम काय, हे नेमणुकीआधी तपासले जावे. शिफारशीची कारणे लोकांसमोर यावीत. उच्च न्यायालयात स्त्रियांची संख्या वाढावी. सुजाता मनोहर १९७८ मध्ये तिथल्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती झाल्या. त्याला पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली, तरी स्त्रिया तिथे अल्पसंख्यच आहेत.

तोवर हातात असलेला हक्क ओळखा. गर्भलिंगनिदान गुन्हा आहे. कायद्याच्या चौकटीतला गर्भपात गुन्हा नाही. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. अविवाहित स्त्रीलाही २४ आठवड्यांच्या मुदतीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. कोर्टात जायचे तर प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. विधी सेवेचा क्रमांक १५१००. तो घराच्या दारावर लिहून ठेवा.

येत्या महिला ग्रामसभेत हा विषय मांडा, ठराव करा, आमदार-खासदारांच्या हाती द्या. आपल्या शरीराचा न्याय कोण करणार, हे विचारण्याचा अधिकार आपला आहे. तो आजच बजावा!