टाकीचे घाव आणि नडगीचे हाड

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण आपण वर्षानुवर्षे कल्पनाविस्तारासाठी देत आलो आहोत. देहाच्या बाबतीत ही म्हण खोटी आहे, आणि तिच्या आधाराने लिहिले जाणारे 'प्रेरणादायी' मराठी गद्य प्रत्यक्ष इजा करते, असे माझे म्हणणे आहे.

सेलूत पहाटे पाथरी रस्त्याला लागले की धावणारी मुले-मुली दिसतात. काही हौसेने धावतात. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती असते. तिच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. डांबरी रस्ता, झिजलेले बूट, आठवड्याचे सातही दिवस सराव. नडगी दुखू लागली की मलम चोळायचे आणि पुन्हा धावायचे. दुखते आहे म्हणजे अंग तयार होते आहे, ही समजूत त्यांना कोणी दिली? मैदानावरच्या मार्गदर्शकांनी दिली असेल, पण त्यांच्याही आधी ती आपण, भाषेच्या शिक्षकांनी दिली.

दगड आणि हाड यांत मूलभूत फरक आहे. दगडातून काढून टाकले की मूर्ती होते. हाडात झिजलेले भरून यावे लागते. धावण्याच्या ताणाने हाडातील जुना भाग आधी काढला जातो आणि नवा नंतर घडतो. या दोहोंच्या मधल्या काळात हाड काहीसे दुबळेच असते. स्नायूंचेही तसेच. बळ वाढते ते धावताना नव्हे, तर धावल्यानंतरच्या झोपेत, जेवणात आणि सुटीच्या दिवशी. हा अवधी नाकारला की नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ उठणे, बसल्या जागी किंवा रात्रीही ठणकणे, ही त्याची लक्षणे. सुरुवातीच्या एक्स-रेत हा तडा पुष्कळदा दिसत नाही, म्हणून 'काही नाही झाले' असे समजून मुलगा पुन्हा रस्त्यावर येतो. काही आठवड्यांच्या विश्रांतीने भागले असते तिथे भरतीचे अख्खे वर्ष जाते.

मॅरेथॉनचा जन्मच मुळी साहित्यातून झाला आहे. हिरोडोटसच्या इतिहासातला दूत मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला धावतो. तो मेल्याचे हिरोडोटस सांगत नाही. विजयाची वार्ता देऊन कोसळणारा धावपटू कित्येक शतकांनंतरच्या लेखकांनी आणला, ब्राउनिंगने 1879 मध्ये त्याच्यावर कविता लिहिली, आणि 1896 च्या ऑलिंपिकसाठी ही शर्यत सुचवणारे मिशेल ब्रेआल हे भाषाशास्त्रज्ञ होते. मृत्यूने शेवट केल्याशिवाय कथा उंच होत नाही, ही लेखकांची सोय होती. आपण तिला व्यायामाचा नियम करून टाकले.

आपल्याकडचे उदाहरण लता करे यांचे. नवऱ्याच्या तपासणीच्या खर्चासाठी त्या बारामतीच्या ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर 2020 मध्ये मराठी चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच भूमिका केली. त्यांच्या जिद्दीपुढे नतमस्तकच व्हावे. परंतु आपल्या लेखांनी अनवाणी पायांचे कौतुक केले. एका वृद्ध स्त्रीला तपासणीच्या पैशांसाठी धावावे का लागले, हा प्रश्न दुसऱ्या परिच्छेदातच मागे पडला. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावेत काही तरुण दगावले, तेव्हा मात्र कथेला नायक मिळाला नाही. सोसण्याचे गद्य जिंकलेल्यांपुरतेच बोलते.

यावर ठरलेला आक्षेप येईल : गरिबाच्या मुलाला विश्रांती परवडते का? उलट, दुखापत त्यालाच परवडत नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांना 2025 मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत गुडघ्याची गंभीर दुखापत झाली. त्यांच्या पाठीशी शल्यचिकित्सक आणि प्रशिक्षक होते. पाथरी रस्त्यावरच्या मुलापाशी सुटीचा दिवस हा एकच फुकटचा उपचार आहे, आणि तोच आपण त्याच्या मनात आळसाच्या खात्यात टाकला आहे.

विश्रांतीचा विचार परका आहे असेही कोणी म्हणू नये. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट माउलींची पालखी विसावे आणि मुक्काम आधी ठरवून चालते; पुण्यात आणि सासवडला तर दोन-दोन रात्री थांबते. वाटेत वारकऱ्यांच्या पायांना तेल लावणारे हात असतात. तालमीत मेहनतीइतकाच मान खुराकाला आणि मालिशीला असतो. 'विसावा', 'अंग रगडणे', 'झीज भरून येणे' हे शब्द कोणत्याही क्रीडाशास्त्राकडून उसने आणलेले नाहीत.

तेव्हा पुढच्या खेपेस कल्पनाविस्ताराला टाकीच्या घावांची म्हण द्यायचीच असेल, तर तिच्या विरुद्ध लिहायला सांगावे. आणि मागच्या बाकावर लंगडत येऊन बसणाऱ्या मुलाला 'शाब्बास' म्हणण्याआधी कुठे दुखते ते विचारावे. एका जागी बोट ठेवून त्याने 'इथे' म्हटले, तर त्याला धावणे थांबवायला सांगून डॉक्टरकडे पाठवावे.