चमकणारे कण गाठ दाखवतील, पण आधी आपण डॉक्टरला दाखवायला हवे

जयसिंगपुरात कुणाच्या घरी गाठ निघाली की पहिली धाव मिरजेला, नाहीतर कोल्हापूरला. ऑपरेशननंतर घरच्यांचा एकच सवाल असतो : "डॉक्टरसाहेब, सगळं निघालं ना?" याच सवालाच्या उत्तरासाठी सध्या जगभर संशोधन सुरू आहे.

२०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल 'क्वांटम डॉट्स'च्या संशोधनाला मिळाले. तिघा मानकऱ्यांपैकी मौंगी बावेंडी हे ट्युनिशियन गणितज्ञाचे चिरंजीव. हार्वर्डमध्ये रसायनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत ते नापास झाले होते, हे आपल्या मुलांना जरूर सांगा. हे डॉट म्हणजे काही नॅनोमीटरचे कण. प्रकाश टाकला की ते चमकतात. आकार बदलला की रंग बदलतो. कॅन्सरच्या पेशीला चिकटणारा रेणू त्यावर बसवला, तर गाठीची कडा उजळून दिसू शकते.

पण यातले बरेच कण कॅडमियमचे, म्हणजे विषारी. म्हणून शरीराला सोसवतील असे कण शोधले जात आहेत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या सिलिका कणांना २०११ मध्ये माणसांवरील चाचणीची परवानगी मिळाली. ते इतके बारीक की लघवीवाटे बाहेर पडतात. मात्र प्रकाश शरीरात फार खोल जात नाही, त्यामुळे स्कॅनची गरज संपणार नाही.

दुसरा उपयोग रोगप्रतिकारक पेशींचा माग काढण्याचा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या प्रयत्नांतून आलेल्या 'नेक्सकार१९' या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. रक्ताच्या काही कॅन्सरवरच्या अशा उपचारात, सोडलेल्या पेशी शरीरात कुठे पोहोचल्या हे पाहता आले तर डॉक्टरांचे काम सोपे होईल.

आता आपल्याकडे वळू. हे तंत्र आपल्या दवाखान्यात यायला वेळ लागेल. पण तोंडातला पांढरा चट्टा पाहायला नॅनो कण लागत नाहीत, साधी बॅटरी पुरते. मावा, गुटखा, मिश्री सुटत नाही आणि छातीतली गाठ आपल्या माता-भगिनी लाजेपोटी महिनोन्‌महिने लपवतात, खरी अडचण इथे आहे.

आमचे म्हणणे इतकेच : मोहल्ल्यात लेडी डॉक्टरसह तपासणी शिबिर घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार आधीच नीट करून ठेवा. विज्ञान पुढे जातेच आहे. उशीर आपल्या दारात होतो आहे.